जंतूचं नाव आणि जंतूची वाट

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला काय शिकवावं, यावर माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या आणि जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईनं बोलावं का, असं कुणाच्याही मनात येईल. पण नात सध्या हाच विषय शिकतेय. तिची वही चाळली तर पानंच्या पानं लॅटिन नावांची. अमका जंतू जांभळा रंगतो, तमका गुलाबी. पाठांतर चोख! पण "जांभळा का रंगतो गं?" असं विचारल्यावर गाडी अडली. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहून टाकते.

माझं म्हणणं एवढंच की, कुठलाही सूक्ष्मजीव समोर आला की मुलांनी आधी चार प्रश्न विचारावेत. हा राहतो कुठे, खातो काय, पसरतो कसा आणि मरतो कशानं? नाव त्यानंतर पाठ करावं.

याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या पुण्याच्याच इतिहासात आहे. १८९७ चा प्लेग. चाफेकर बंधू, रँड, २२ जून ही तारीख मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. सावित्रीबाई फुले त्याच साली १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, हेही शिकवलं. आता यातला विज्ञानाचा भाग बघा. प्लेगचा जिवाणू येर्सिन यांनी हाँगकाँगला १८९४ सालीच शोधला होता. म्हणजे पुण्यात सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, सामान बाहेर काढून जाळत होते, तेव्हा शत्रू कोण हे माहीत होतं. तो घरात येतो कसा, हे मात्र माहीत नव्हतं.

ते कळलं १८९८ साली, कराचीत. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी प्लेगनं मरायला टेकलेला, पिसवा असलेला उंदीर एका मोठ्या बरणीत ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ शकत नव्हता. आजारी उंदीर मेला आणि थोड्याच दिवसांत दुसराही प्लेगनंच मेला. मधे जाऊ-येऊ शकणारी एकच गोष्ट होती, पिसू! तरी पुष्कळांना हे पटलं नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशननं गिनीपिगवर प्रयोग केले, तेव्हा कुठे शंका फिटली.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या खेड्यांत 'उंदीर पडायला लागले' की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. आजीकडून मी हे ऐकलंय. त्यांना जिवाणूचं नाव माहीत नव्हतं, पिसूचंही काही माहीत नव्हतं. पण आजार कुठल्या वाटेनं येतो याचा अंदाज त्यांनी निरीक्षणातून बांधला होता. मला हेच शिक्षण वाटतं.

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं हा विषाणू वेगळा करून वाढवला. नाव सगळ्या जगाला ठाऊक होतं. आणि आपण काय करत होतो? भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो, दुधाच्या पिशव्या पुसत होतो. बंद खोलीतल्या हवेतून तो पसरतो, खिडक्या उघडा, हे ठसायला फार वेळ गेला.

आता त्या जांभळ्या रंगाकडे येते. ज्या जिवाणूची भिंत जाड, तो जांभळा रंग धरून ठेवतो. पातळ भिंतीचा तो सोडतो, म्हणून नंतर दिलेला गुलाबी रंग घेतो. पेनिसिलिन जिवाणूला ही भिंतच नीट बांधू देत नाही. ते देशात तयार व्हावं म्हणून १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. विषाणूला अशी भिंतच नसते. मग साध्या सर्दीवर, जी विषाणूंमुळे होते, पेनिसिलिन काय करणार? आपल्या पोटातले गरीब जिवाणू तेवढे मरतात. चिवट असतात ते उरतात आणि वाढतात. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेलच्या भाषणात या चिवटपणाचा इशारा दिला होता. तरीही आमच्याकडे सर्दी झाली की 'जरा स्ट्राँग गोळी द्या' असं दुकानात हक्कानं सांगतात.

आणि हो, पहिला तास रोगानं सुरू करू नये. विरजणानं करावा. कोमट दुधात चमचाभर दही घातलं की लागतं, थंडीत उशिरा लागतं, उकळत्या दुधात घातलं तर लागतच नाही. चारातले निम्मे प्रश्न इथेच सुटतात! आमच्या मुळशीत भातखाचरातल्या साचलेल्या पाण्यात निळं-हिरवं शेवाळ धरतं, ते खरं तर जिवाणूच. ते हवेतला नायट्रोजन भाताला मिळवून देतात. भातानंतरचा वाल उपटून बघा, मुळांवरच्या गाठींत तसेच कामकरी बसलेले असतात. जंतू म्हणजे शत्रू, हे डोक्यातून निघायला एवढं पुरे.

नावं नकोतच, असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या डॉक्टरनं लिहिलेलं जपानच्या डॉक्टरला कळायचं तर नाव हवंच. आणि परीक्षेत नावंच विचारतात, हेही खरं. मग परीक्षेतच 'का' विचारा की! पहिल्या वर्षाला बसलेली सगळी मुलं काही शास्त्रज्ञ होत नाहीत. कुणी औषधाचं दुकान घालतं, कुणी शिक्षक होतं, आईबाप तर बहुतेक सगळेच होतात. पुढची साथ येईल तेव्हा गल्लीतले लोक त्यांनाच विचारणार आहेत, 'तू शिकलास ना, सांग काय करू?' तेव्हा लॅटिन नाव सांगून भागणार नाही.

तुमच्यापैकी कुणी हा विषय शिकवत असेल, तर तुम्ही कुठून सुरुवात करता ते जरूर कळवा. माझं चुकत असेल तर कानही धरा.