जीपचा पुढचा ॲक्सल आणि पणजीचा नळ

दूधसागर म्हटला की आपण गोंयकार भरभरून बोलतो. धबधबा, रेल्वेचा पूल, तिकिटांचे दर, जीपवाल्यांचे वाद... सगळ्यांवर आपले मत तयार असते. पण त्या जीपच्या पुढच्या चाकाआड फिरणाऱ्या पोलादी दांड्याविषयी, म्हणजे ॲक्सल शाफ्टविषयी, कोणी चकार शब्द काढत नाही. मी कला शाखेचा पदवीधर, कचेरीत फायली हलवणारा माणूस. पाना माझ्या हातचा नव्हे. तरीही गॅरेजात उभे राहून हे काम पुष्कळदा पाहिले आहे, आणि माझे मत असे की हा विषय एकट्या मेकॅनिकचा नाही. तो तुमच्या-माझ्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

कुळ्याहून निघणारी वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते. वाटेत पाणी ओलांडावे लागते, गुळगुळीत दगड लागतात. तिथे फोर-व्हील टाकली की इंजिनाची ओढ पुढच्या चाकांनाही मिळते. आता पुढचे चाक ओढतेही आणि वळतेही. म्हणून हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये क्रॉसचा सांधा. कोरड्या डांबरी रस्त्यावरही फोर-व्हील तशीच ठेवून गाडी पळवली की सगळा ताण या सांध्यावर येतो. मग एक दिवस क्रॉस तुटतो आणि शाफ्ट बदलावा लागतो.

जुन्या बनावटीच्या जीपमध्ये चाक, हब, ब्रेकची प्लेट आणि स्पिंडल उतरवले की शाफ्ट बाहेर ओढता येतो. डिफरन्शियल मधोमध नसते, त्यामुळे डावा-उजवा शाफ्ट सारख्या लांबीचा नसतो. खरी कसोटी नवा घालताना. आत नळीत एक ऑइल सील असते. जड शाफ्ट हातावर तोलून, सरळ रेषेत, टोकाचे दाते डिफरन्शियलच्या गिअरमध्ये बसेपर्यंत हळूहळू फिरवत न्यावा लागतो. घाई केली, टोक खाली टेकले, की तेच दाते सीलचा ओठ फाडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी चालू होते, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते.

आणि मग डिफरन्शियलचे ऑइल सांध्याच्या घरात उतरते, तिथले ग्रीस पातळ करते आणि बाहेर गळू लागते. ब्रेकच्या लायनिंगवर गेले तर उतारावर माणसांच्या जिवाशी खेळ. उरलेले ओहोळात! दूधसागरचे पाणी पुढे खांडेपार नदीला मिळते, आणि त्याच नदीवर ओपाचा जलप्रकल्प आहे, जिथून फोंड्याला आणि पणजीला पाणी येते. एका गाडीच्या चार थेंबांनी नदी नासत नाही, हे मान्य. पण मोसमातल्या रोजच्या फेऱ्या मोजा, आणि मग बोला.

यात दोष कोणाचा? शाफ्ट हाताला जड लागतो, म्हणून त्याचे पैसे द्यायला मालक तयार असतो. सील क्षुल्लक वाटते, म्हणून ‘जुनीच चालेल’ म्हणतो. मी त्याला सरसकट दोष देणार नाही. पावसाळाभर गाडी दारात उभी असते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा माणसाला नुसता पर्यावरणाचा उपदेश करून भागायचे नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. चवथ आटोपली की, मोसम सुरू होण्याआधी, कुळ्यातच प्रत्येक जीपचा पुढचा ॲक्सल तपासावा. शाफ्ट निघाला की सील नवीनच, हा नियम असावा. त्याचा खर्च पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून व्हावा. आणि ज्यांना हे काम नीट येते, त्यांच्याकडून ते मराठी-कोंकणीत लिहून घेऊन गॅरेजच्या भिंतीवर लावावे. ही विद्या हातातच राहिली तर त्या हातांबरोबर जाईल.

तोवर आपण एवढे करू. जीपमध्ये चढण्यापूर्वी पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला एकदा डोकवा. गोळ्यावर ग्रीसचा हलका थर असेल तर चिंता नको. थेंब टपकत असेल, तर ड्रायव्हरला तिथेच विचारा, ‘पात्रांव, सील केन्ना बदलिल्लें?’