परदेशातील सत्र आणि आपली मोजपट्टी

महाविद्यालयात शिकत असताना एखादे सत्र युरोपातील एखाद्या शहरात काढावे, ही कल्पना आता नागपूरच्या विद्यार्थ्यांना अशक्य कोटीतील वाटत नाही. युरोपीय समुदायाने १९८७ साली ‘इरॅस्मस’ नावाची योजना सुरू केली. प्रथम ती युरोपातील देशांच्या आपसांतील देवाणघेवाणीसाठी होती. पुढे इतर देशांतील विद्यार्थ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. तेथे वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक, म्हणजे एका सत्राला ३० श्रेयांक धरतात. दोन विद्यापीठांमध्ये तसा करार असेल, तर तेथे मिळवलेले श्रेयांक येथील पदवीत जमा होऊ शकतात.

असे सत्र काढावयास निघालेल्या विद्यार्थ्याचे प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती येईल? शाकाहारी जेवण मिळेल का? थंडी कितपत असते? यांपैकी थंडीच्या प्रश्नाचे उत्तर तर भूगोलाच्या पुस्तकातच आहे. नागपूर सुमारे २१ अक्षांशावर, तर बर्लिन साडेबावन्न अक्षांशावर. २२ डिसेंबरच्या सुमारास नागपूरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो; बर्लिनला तो अवघा १४ अंश वर येतो आणि दिवस पावणेआठ तासांत संपतो. तेव्हा गरम कपडे न्यावेतच.

परंतु एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तेथे जाऊन मी करणार काय? माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. त्याचे उत्तर शोधताना मला जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बर्लिनला गेलेल्या एका मराठी विद्यार्थिनीची आठवण येते.

इरावती कर्वे हे नाव तुम्ही ‘युगान्त’ या पुस्तकामुळे ऐकले असेल. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि शिक्षण पुण्या-मुंबईत. १९२८ साली त्या मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना हे जाणे पसंत नव्हते. पण यजमान दिनकर कर्वे यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती आणि ते पाठीशी उभे राहिले. पैशांची सोय डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. इरावतीबाईंचा मुक्काम एका सत्राचा नव्हे, सुमारे दोन वर्षांचा होता. पण त्यातून घ्यावयाचा धडा एका सत्रासाठी जाणाऱ्यालाही पुरेसा आहे.

त्यांचे मार्गदर्शक होते प्राध्यापक ऑयगेन फिशर. कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे ते संचालक आणि त्या काळचे मोठे नाव. फिशर यांचा एक तर्क होता. युरोपीय लोकांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक मोठा असतो, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात. हे अधिक बुद्धीचे लक्षण असून इतर वंशांत ते आढळत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे मोजून दाखवण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी १४९ कवट्या तपासल्या. डाव्या-उजव्या बाजूंत फरक आढळले, पण त्या फरकांचा वंशाशी काही संबंध दिसेना. त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले.

येथे क्षणभर थांबून विचार करा. कर्ज काढून परमुलखात आलेली, तेविशी-चोविशीतली विद्यार्थिनी. पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती, त्यांचाच तर्क चुकीचा ठरत होता. आकडे थोडे इकडेतिकडे केले असते, तर कोणाला कळले असते? त्यांनी ते केले नाही. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मात्र फिशर यांनी अगदी खालची श्रेणी दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आता यातील शास्त्र पाहू. आपल्या नागपुरी संत्र्यांचेच उदाहरण घ्या. काटोलच्या एका बागेतील आणि नरखेडच्या एका बागेतील शंभर-शंभर संत्री तुम्ही मोजली. समजा, एका ढिगाच्या व्यासाची सरासरी ६८ मिलिमीटर आली आणि दुसऱ्याची ६९. लगेच ‘नरखेडचे संत्रे मोठे’ असा निर्णय द्यावा का? प्रत्येक ढिगात ५५ पासून ८० मिलिमीटरपर्यंतची फळे असतील, तर एका मिलिमीटरच्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. आणखी शंभर फळे मोजली, तर कदाचित निकाल उलटाही लागेल. म्हणजे दोन गटांची तुलना करताना नुसती सरासरी पाहून भागत नाही. प्रत्येक गटातील आकडे किती विखुरलेले आहेत, हेही पाहावे लागते. जो आधीच निर्णय ठरवून मोजायला बसतो, तो नेमके हेच पाहत नाही.

अशा मोजणीचे परिणाम केवळ प्रबंधापुरते राहत नाहीत. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या संस्थेतील अनेकांनी नाझी सरकारच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राचे पाठबळ दिले. त्या धोरणाने पुढे लाखो निरपराध माणसांचे बळी घेतले.

शास्त्रही तेथेच थांबले नाही. भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी अनेक जातीजमातींची शरीरमापने घेतली. त्या पद्धतीला आजचे मानवशास्त्र पूर्वीइतके महत्त्व देत नाही. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, हे आता आपणांस ठाऊक आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले की, माणसामाणसांतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच समाजातील व्यक्तींमध्ये आढळते. संत्र्यांचा हिशेब येथेही लागू पडतो.

आता आपल्या प्रयोगशाळेकडे वळू. साध्या लंबकाचा प्रयोग तुम्ही केला असेल किंवा लवकरच कराल. त्यात गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचा असतो. प्रयोग सुरू होण्याआधीच विद्यार्थी विचारतात, “सर, उत्तर किती यायला पाहिजे?” मग जर्नलमध्ये बहुतेकांचे उत्तर ९८० किंवा ९८१ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग असे नेमके येते. गंमत अशी की, नागपूरला ‘जी’ची किंमत सुमारे ९७८.६ आहे. ९८१ ही किंमत बर्लिनच्या बाजूची! पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून विषुववृत्ताकडे ‘जी’ कमी होत जातो. याचा अर्थ असा की, आपले विद्यार्थी नागपुरात बसून युरोपचे उत्तर लिहीत असतात.

बरे, युरोपचे उत्तर तरी शेवटचे होते का? बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम येथे अत्यंत काळजीपूर्वक मोजलेली ‘जी’ची किंमत १९०६ साली प्रसिद्ध झाली: ९८१.२७४. पुढे कित्येक वर्षे जगभरची मोजमापे या आकड्याला जुळवून घेतली जात होती. नंतर अधिक चांगल्या प्रयोगांतून कळले की, ती किंमत सुमारे ०.०१४ ने जास्त होती आणि १९७१ साली ती दुरुस्त झाली. ज्यांनी आपले वेगळे आकडे दडवले नाहीत, त्यांच्यामुळेच ही दुरुस्ती होऊ शकली.

काही पालक म्हणतात, येथील उपकरणे जुनी, म्हणून मुलांनी बाहेरच जावे. तेथील उपकरणे उत्तम असतात, यात शंका नाही. पण इरावतीबाईंचे काम मुख्यतः कवट्यांची मापे घेण्याचे होते. त्याला कोटी रुपयांचे यंत्र लागले नाही. उलट काहींचे म्हणणे असे की, परदेशी जाणे ही श्रीमंतांची हौस. तेही मला पटत नाही. वेगळ्या पद्धतीने शिकवणारे शिक्षक आणि वेगळे प्रश्न विचारणारे सोबती भेटणे ही मोठी गोष्ट आहे, आणि शिष्यवृत्त्या वाढवून गरीब घरच्या मुलांनाही ती संधी दिली पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की, उत्तर आधी विचारून रीडिंग लिहिण्याची सवय घेऊन जो विमानात बसेल, तो तेथेही प्राध्यापकांच्या मनातील उत्तरच शोधत राहील. शहर पाहून होईल, श्रेयांकही मिळतील. शिक्षण मात्र होणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. लंबकाच्या प्रयोगात ९७० किंवा ९८८ उत्तर आणणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नका. लांबी मोजताना एका मीटरमध्ये एका मिलिमीटरची चूक झाली, तरी उत्तर सुमारे एकाने बदलते. मग इतका फरक कोठून आला, हे त्याला शोधायला लावा आणि त्या शोधाला गुण द्या.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. वर्गातील तीस जणांच्या डाव्या व उजव्या पावलांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. प्रत्येक पाऊल तीनदा मोजा, म्हणजे मोजण्यातच किती चूक होते ते कळेल. मग मुलगे व मुली, किंवा उजवे व डावखुरे, असे गट पाडून पाहा. एखाद्या गटात डाव्या-उजव्यांतील फरक खरोखर वेगळा आहे का? मोजण्याआधी तुमचा अंदाज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अंदाज चुकला तर तो खोडू नका. त्याखाली मिळालेले आकडे लिहा आणि सरांना किंवा बाईंना दोन्ही दाखवा.