सरकी आमची, साबण कुणाचा?



कापूस विकला म्हणजे रुई विकली, असे आपण धरून चालतो. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३४ किलो. सरकी निघते ६० किलोंहून अधिक. तिच्यातून सहा-सात किलो तेल आणि बाकीची ढेप. व्यापारी भाव काढतो तो या तिन्हींचा हिशेब करून. आपल्या वहीत मात्र सरकीचा रकानाच नाही. तीच ढेप म्हशीसाठी आपण विकत आणतो, आणि साबणही विकत आणतो.

म्हणून आमचे म्हणणे आहे, यंदा प्रत्येक गावात एकदा तरी सरकीच्या तेलाचा साबण करून पाहा. रीत अवघड नाही, पण मापात चूक चालत नाही.

नुसत्या सरकीच्या तेलाची वडी मऊ राहते, म्हणून ७०० ग्रॅम सरकी तेलात ३०० ग्रॅम खोबरेल घ्यावे. प्रत्येक तेल कॉस्टिक सोडा वेगळा मागते: किलोमागे सरकीला सुमारे १३८ ग्रॅम, खोबरेलाला १८३. आपल्या मिश्रणाला होतात १५२. त्यात पाच टक्के कमी करून १४४ ग्रॅमच घ्यावा. म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि वडी अंगाला चावत नाही. सगळे काट्यावर तोलावे, वाटीने मोजू नये.

पाणी ३५० ग्रॅम. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे, ॲल्युमिनियम सोडा खातो. काम उघड्यावर करावे, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, लेकरे लांब. अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहावे. डोळ्यात गेले तर धुऊन लगेच दवाखाना गाठावा. तेल आणि पाणी दोन्ही कोमट झाले की एकत्र करून पिठल्याइतके दाट होईपर्यंत घोटावे, साच्यात ओतावे, एक-दोन दिवसांनी वड्या कापून चार ते सहा आठवडे सावलीत वाळवाव्या. पऱ्हाटीच्या राखेचे पाणी वापरू म्हणाल, तर त्यातला क्षार पोटॅशचा. त्याने लगदा होतो, वडी धरत नाही.

साबण करून कर्ज फिटेल, असे सांगणारे आम्ही नाही. गृहोद्योगाचे उपदेश शेतकऱ्याने पुष्कळ ऐकले. वडी करायची ती हिशेब कळावा म्हणून. आणि हिशेब मांडला की अडथळे दिसतात. ही वडी अंगाचा साबण म्हणून बाजारात विकायची, तर कॉस्मेटिक्स नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. नियम मोठ्या कारखान्याला परवडतो, दहा बायांच्या गटाला नाही. दुसरीकडे देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, आणि मे २०२५ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. बाहेरचे तेल स्वस्त झाले की सरकी पडते, आणि सरकी पडली की कापूस पडतो. शुल्क कापसावरचे नव्हते, तरी मार कापसालाच.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना दोन गोष्टी आणा: एक वडी, आणि आपल्या क्विंटलभर कापसातल्या रुई, तेल, ढेपेचा लिहून काढलेला हिशेब. भाव मागायचा तर तिन्हींचा मागू.