कायदा गोऱ्यांचा, मग समुद्र इंडोनेशियाचा कसा झाला?

पॅलेस्टाईनची बातमी आली की चहाच्या टपरीवर, स्टाफरूममध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे ढोंग. गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी केलेला." यामागचा संताप मला कळतो, तो माझाही आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, की कायद्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही, तो मला साफ नामंजूर आहे. हा निष्कर्ष खोटा ठरवणारा देश आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. जगात सर्वाधिक मुसलमान कुठे राहतात, असं विचारलं की आपण छाती फुगवून इंडोनेशियाचं नाव घेतो. त्या देशाने समुद्र कसा मिळवला, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

इंडोनेशियाची बेटं सतरा हजारांच्या घरात आहेत. डचांनी 1939 साली केलेल्या कायद्यानुसार प्रत्येक बेटाभोवती फक्त तीन सागरी मैल समुद्र त्या बेटाचा. त्यापलीकडे खुला समुद्र, कुणीही यावं. देश स्वतंत्र झाला तरी हाच कायदा चालू राहिला. म्हणजे जावा आणि बोर्निओचा मोठा भाग एकाच देशात, पण मधलं पाणी परक्यांनाही खुलं. पश्चिम इरियनवरून वाद पेटलेला असताना डच युद्धनौका याच पाण्यातून बिनदिक्कत फिरत होत्या.

13 डिसेंबर 1957 रोजी पंतप्रधान जुआंडा यांच्या सरकारने जाहीर केलं की आमची बेटं आणि त्यांच्यामधलं पाणी हा एकच देश आहे. या घोषणेमागची कायदेशीर कल्पना मोख्तार कुसुमात्मजा या अठ्ठावीस वर्षांच्या कायदेतज्ज्ञाची होती. तिला आधार होता साध्या बोलीभाषेचा. इंडोनेशियन भाषेत मायभूमीला 'तानाह आइर' म्हणतात. तानाह म्हणजे जमीन, आइर म्हणजे पाणी. ज्यांच्या मायभूमीच्या नावातच पाणी आहे, त्यांना पाणी परकं कसं वाटावं?

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स यांनी लगेच निषेध नोंदवला. 1958 आणि 1960 च्या जिनिव्हा परिषदांत इंडोनेशियाच्या पदरात काही पडलं नाही. आपल्याकडे एवढ्यावर "बघा, सांगत होतो ना" म्हणून विषय संपला असता. त्यांनी संपवला नाही. शेजाऱ्यांशी एकेक सीमा ठरवत राहिले. आपल्या निकोबार आणि त्यांच्या सुमात्रामधल्या समुद्रतळाची सीमाही 1974 साली करारानेच ठरली. मग 1973 ते 1982 अशी नऊ वर्षं चाललेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत त्यांनी सोबती जमवले: फिलिपीन्स, फिजी, मॉरिशस. यातला एकही मुस्लिमबहुल नाही. प्रश्न एक होता म्हणून ते एकत्र आले.

10 डिसेंबर 1982 रोजी जमैकात समुद्री कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. त्याचा चौथा भाग पूर्ण द्वीपसमूह राष्ट्रांसाठी आहे. नियम मोजूनमापून केले आहेत. सर्वांत बाहेरच्या बेटांची टोकं सरळ आधाररेषांनी जोडायची. एक रेषा जास्तीत जास्त 100 सागरी मैलांची, एकूण रेषांपैकी तीन टक्के 125 मैलांपर्यंत चालतील. रेषांच्या आत पाणी आणि जमीन यांचं प्रमाण एकास एक ते नवास एक यांच्या दरम्यान हवं. आतलं पाणी, वरचं आकाश, खालचा तळ, सगळ्यावर त्या देशाचं सार्वभौमत्व. बारा मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि दोनशे मैलांचं आर्थिक क्षेत्र मोजायचं तेही या रेषांपासून बाहेर. भारत मुख्य भूमीचा देश, म्हणून लक्षद्वीप किंवा अंदमानसाठी ही तरतूद वापरता येत नाही.

हे फुकट मिळालं नाही. बदल्यात परक्या जहाजांना ठरलेल्या सागरी मार्गांनी जाण्याचा हक्क द्यावा लागला, शेजाऱ्यांची पारंपरिक मासेमारी मान्य करावी लागली. ही देवाणघेवाण आहे, आणि कायदा असाच घडतो. ज्यांनी 1957 च्या घोषणेचा निषेध केला होता, त्यांनाच पंचवीस वर्षांनी हा सिद्धांत स्वीकारावा लागला. इंडोनेशियात 13 डिसेंबर आज 'नुसांतारा दिन' म्हणून पाळतात.

इथवर वाचून ज्यांना बरं वाटलं, त्यांनी पुढचंही वाचावं.

याच इंडोनेशियाने 7 डिसेंबर 1975 रोजी पूर्व तिमोरवर सैन्य घातलं. इवलासा, आज कॅथलिक बहुसंख्येचा असलेला देश, पोर्तुगिजांच्या तावडीतून नुकता सुटत असलेला. पुढच्या चोवीस वर्षांत संघर्ष आणि उपासमारीने किमान एक लाखाच्या आसपास माणसं गेली, असं तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल सांगतो. आणि 11 डिसेंबर 1989 रोजी इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात बसून त्या समुद्राखालचं तेल वाटून घेण्याच्या करारावर सह्या केल्या. ज्यांचा समुद्र, ते त्या विमानात नव्हते. "आमचं पाणी आमच्या देशाचा भाग" म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याचं पाणी विकायला काढलं. वाटेकरी कोण, तर 1957 च्या घोषणेचा निषेध करणारा तोच गोरा शेजारी!

त्या काळात आपल्या कौममधून यावर किती आवाज उठला? मुस्लिम देशाची बदनामी नको, हे कारण मी आजही ऐकतो. अद्ल हा शब्द आपल्या प्रत्येक तकरीरीत येतो. तो शब्द जालिम आपला आणि मजलूम परका असताना आठवला, तरच त्याला किंमत आहे.

तिमोरने काय केलं ते बघा. 1999 च्या सार्वमतात 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितलं. 20 मे 2002 रोजी देश स्वतंत्र झाला. त्याआधी दोन महिने ऑस्ट्रेलियाने सागरी सीमांच्या वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा बंधनकारक अधिकार मानणं बंद केलं होतं. दरवाजा लावून घेतला म्हणा ना. तिमोरला 1982 च्या त्याच करारात दुसरा दरवाजा सापडला: सक्तीचा सामोपचार. 2016 साली ही तरतूद जगात पहिल्यांदा वापरली गेली. ऑस्ट्रेलियाने आयोगाच्या अधिकारालाच हरकत घेतली, ती फेटाळली गेली. 6 मार्च 2018 रोजी न्यूयॉर्कमध्ये सीमा करार झाला आणि समुद्रतळाची सीमा मुख्यतः दोन किनाऱ्यांच्या मध्यरेषेने आखली गेली. तिमोरची मागणी हीच होती.

कायद्याला पोलीस नाही, हे खरं. अमेरिकेने हा करार आजवर स्वीकारलेला नाही. दक्षिण चीन समुद्राबाबतचा 2016 चा निवाडा चीनने धुडकावला. गाझाबद्दल तर बोलायलाच नको. पण चीनच्या नकाशावरची रेषा नातुनाजवळच्या पाण्यात शिरते तेव्हा इंडोनेशिया बोट ठेवतो ते 1982 च्या करारावरच. बलवानाचं कायद्यावाचून भागतं. दुबळ्याने तो सोडला, तर त्याच्या हातात शिव्याशापांखेरीज काय उरतं?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गातली हुशार मुलं डॉक्टर, इंजिनिअर व्हायचं म्हणतात. कायदा शिकेन म्हणणारं मूल विरळाच, आणि घरचेही त्याला "कोर्टकचेरीच्या फंदात पडू नकोस" म्हणून गप्प करतात. मोख्तारला घरच्यांनी असंच गप्प केलं असतं तर? बारावीचा निकाल लागला की यंदा एका तरी मुलाला, एका तरी मुलीला लॉ कॉलेजचा फॉर्म आणून द्या. आणि तो भरताना सांगा, की शिकून झाल्यावर मजलूमचा मजहब विचारून वकालत करायची नाही.