दया येऊन राहिली का?

मागच्या शनिवारी जवाहरनगरला घरी होतो. रात्री साडेआठला आमच्याकडे टीव्ही आपोआप लागल्यासारखा सोनी सबवर लागतो. पोळ्या लाटता लाटता आईने आतूनच विचारलं, "काहो, दया येऊन राहिली का?" बाबा म्हणाले, "नाही वं, सुंदरलालचा फोन येऊन राहिला."

हा संवाद आमच्या घरात २०१७ पासून चालू आहे. शब्द तेच आहेत, फक्त दोघांचे केस पांढरे झालेत.

तर विषय अर्थातच 'तारक मेहता का उल्टा चष्मा'. नाकं मुरडू नका. ऑफिसात 'आम्ही फक्त वेबसिरीज बघतो' म्हणणारे जेवताना मोबाईलवर जेठालालच्या क्लिपा बघतात हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे. :)

यावर दोन पार्ट्या आहेत. पहिली म्हणते, दिशा वकानी गेली त्या दिवशीच मालिका संपली. दुसरी म्हणते, संपली असती तर ४००० च्या वर एपिसोड झाले असते का? टीआरपी बघा! माझ्या मते दोघंही चुकतायत. दयाच्या जाण्याने मालिकेचं वाटोळं झालं नाही. वाटोळं झालं ते दयाची वाट बघत बसल्याने. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी गडबड त्यांची सरमिसळ केल्यामुळे होते.

आधी 'दिशाची सर दुसरीला येणारच नाही' हा मुद्दा घेऊ. निदान मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. आपली अख्खी रंगभूमी नट बदलून चाललेली आहे. 'ती फुलराणी' म्हणजे भक्ती बर्वे, हे आपल्या आधीच्या पिढीला पाठ होतं. पण पुढे सुकन्या कुलकर्णी आली, अमृता सुभाष आली, आणि लोकांनी तिकिटं काढली. 'तो मी नव्हेच'चा लखोबा म्हणजे पणशीकर, पण नंतर गिरीश ओक उभे राहिलेच ना? 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तर एकट्या लक्ष्मण देशपांड्यांचा प्रयोग, सगळी पात्रं एका माणसाच्या अंगात. २००९ मध्ये ते गेले. पुढे संदीप पाठकने तो उचलला आणि वऱ्हाड पुन्हा निघालं. तुलना झाली, 'पहिल्याची मजा नाही' असं म्हणून झालं, आणि मग दुसऱ्या अंकात लोक हसायला लागले.

मालिकांतही तेच. 'भाबीजी घर पर हैं' २०१५ ला सुरू झाली आणि अंगुरी भाभी घराघरात पोचली. वर्षभरात, २०१६ मध्ये, शिल्पा शिंदे बाहेर पडली. शुभांगी अत्रे आली आणि तिने ती भूमिका पुढे कित्येक वर्षं ओढली. अमेरिकेत 'चीअर्स'मधून १९८७ मध्ये शेली लाँग गेली. त्यांनी तिची नक्कल करणारी शोधली नाही, कर्स्टी अ‍ॅलीला वेगळंच पात्र दिलं, आणि मालिका १९९३ पर्यंत चालली. 'टू अँड अ हाफ मेन'ने २०११ मध्ये चार्ली शीनला काढलं, त्याच्या पात्राला मारूनच टाकलं आणि अ‍ॅश्टन कुचरला आणलं. ते सगळ्यांना आवडलं असं नाही, पण प्रेक्षकाला पहिल्या एपिसोडलाच कळलं की हा अध्याय संपला.

म्हणजे रस्ते दोन. दुसरा नट घ्या, किंवा पात्राला निरोप द्या.

आणि गंमत म्हणजे हे गोकुळधामवाल्यांना येत नाही असं अजिबात नाही. टप्पू बघा: भव्य गांधी २०१७ मध्ये गेला, मग राज अनादकत, मग नितीश भलुनी. सोनू तर किती वेळा बदलली हे भिडे मास्तरांनाही आठवत नसेल. अंजली बदलली, सोढी बदलला. डॉक्टर हाथी करणारे कवी कुमार आझाद २०१८ मध्ये वारले, त्यांच्या जागी निर्मल सोनी आले. घनश्याम नायक २०२१ मध्ये गेले, काही महिन्यांनी नवे नट्टू काका दुकानात उभे. आणि कळस म्हणजे ज्याच्या नावाने मालिका आहे तो खुद्द तारक मेहता! २०२२ मध्ये शैलेश लोढा बाहेर पडले आणि सचिन श्रॉफ आले. मालिकेचा निवेदक बदलला तरी सोसायटीची एक वीटसुद्धा हलली नाही.

फक्त एकाच खुर्चीवर रुमाल टाकून ठेवलाय. का?

एक कारण खरं आहे, ते मान्य करतो. दया ही बाकीच्यांसारखी नव्हती, ती मालिकेचं इंजिन होती. एपिसोडचा साचा आठवा. जेठालाल काहीतरी घोळ करणार, दया त्याचा भलताच अर्थ काढणार, 'हे माँ माताजी' होणार, घोळ दुप्पट होणार, मग जेठा धापा टाकत तारककडे सल्ला मागायला जाणार. दया काढली की घोळ दुप्पट होत नाही, नुसता लांबतो. त्यामुळेच एक साधी गोष्ट आता पंधरा-पंधरा एपिसोड चालते.

दुसरं म्हणजे बबिताजी. जेठालालची ती लाडीगोडी निरागस वाटायची, कारण आत दया चहा करत होती. आपल्याला माहीत असायचं की हा इथेच घुटमळणार आणि दयाची हाक आली की शेपूट घालून घरी जाणार. आता बायको वर्षानुवर्षं माहेरी, आणि हा गृहस्थ बाल्कनीतून शेजारणीकडे बघतोय. दिलीप जोशी तोच, टायमिंग तेच, पण बघताना कसंतरीच होतं. एक पात्र काढलं की दुसऱ्याच्या विनोदाचा अर्थ बदलतो, तो असा.

पण मग हेच तर कारण आहे ना तिची जागा भरायची? इंजिन बंद पडलं तर गॅरेजमध्ये नेतात, 'येईल हो, तेच येईल' म्हणत गाडी नऊ-नऊ वर्षं ढकलत नाहीत.

सप्टेंबर २०१७ मध्ये दिशा बाळंतपणासाठी रजेवर गेली. तिचा निर्णय, तिचं आयुष्य, आपल्याला त्यात बोलायचा काडीचा अधिकार नाही. पण कथेत दयाला काय केलं? अहमदाबादला आईकडे पाठवलं. ही आई मालिकेत कधीच दिसलेली नाही, फक्त फोनवर. आता मुलगीही तशीच झाली. टप्पूला खरचटलं तरी जिचा जीव वरखाली व्हायचा ती दया मुलगा कॉलेजात गेला तरी घरी येत नाही. नवरात्र येते, गरबा होतो, दया नाही. दर काही महिन्यांनी सुंदरलाल वचन देतो, सोसायटी सजते, जेठालाल नवा झब्बा घालतो... आणि पुढच्या एपिसोडला काहीतरी निघतं. २०२३ च्या दिवाळीला तर निर्मात्यांनीच ती येणार म्हणून हवा केली. आली नाही, आणि लोक इतके चिडले की बहिष्काराची भाषा सुरू झाली.

आमच्या धंद्यात सांगायचं तर, माणूस टीम सोडून गेला की त्याच्या जागी दुसरा घेतात किंवा काम वाटून टाकतात. त्याच्या नावावर तिकिटं टाकत राहून क्लायंटला दर सोमवारी 'तो उद्या जॉइन होतोय' म्हणून सांगणाऱ्या मॅनेजरला आपण काय म्हणतो? तेच मी इथे म्हणतोय. हा भावनेचा प्रश्न असल्याचा आव आणू नका. हा गळ आहे, आणि गळाला लागलेला मासा म्हणजे आमची आई.

जानेवारी २०२५ मध्ये असित मोदींनी स्वतःच बोलून दाखवलं की दिशा आता परत येईल असं वाटत नाही. चला, उशिरा का होईना. आणि त्याच वर्षी जून-जुलैत काय झालं? भुताच्या बंगल्याची गोष्ट आली, भिडे मास्तर मध्यभागी, दयाच्या येण्याजाण्याचा काही संबंध नाही, आणि मालिका टीआरपीत पहिल्या नंबरावर. टीआरपीवाली पार्टी म्हणेल, बघा, चालते की नाही! चालते. पण कधी चालते ते बघा. वाट बघणं सोडून गोष्ट सांगितली तेव्हा.

जवाहरनगरसारख्या फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. बाजूच्या क्वार्टरमधले काका रिटायर व्हायचे. सामान ट्रकात चढायचं, आई आणि काकू गळ्यात पडून रडायच्या. महिना-दोन महिने ते घर बघवायचं नाही. मग दुसऱ्याच्या नावाने अलॉटमेंट व्हायची, नवी पाटी लागायची, आणि कधीतरी संध्याकाळी नव्या काकू वाटी घेऊन साखर मागायला यायच्या. जुन्या काकूंना कोणी विसरलं नाही. पण त्यांच्या नावाची पाटी तशीच ठेवून, आत दिवा लावून, 'त्या बाजारात गेल्यात, येतीलच' असं आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती क्रूर थट्टा झाली असती.

तेव्हा निर्मात्यांना एवढंच सांगणं आहे: नवी दया आणा, आम्ही दोन महिने कुरकुर करू आणि मग हसू. नसेल आणायची तर एक नीट एपिसोड करून तिला निरोप द्या, आम्ही रडू आणि मग हसू. दोन्ही चालेल. फक्त सुंदरलालचा तो फोन एकदाचा कट करा.

मागच्या शनिवारी एपिसोड संपल्यावर आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "उद्या येईन वाटते."

उद्या रविवार होता. मी काही बोललो नाही.