विश्लेषण : परवाना एक, राज्ये ४० हून अधिक! अमेरिकेतील नर्सचा करार काय आहे? कॅलिफोर्निया त्याबाहेर का?

अमेरिकेत नर्सची ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा देशभर एकच आहे. परवाना मात्र प्रत्येक राज्याचे नर्सिंग मंडळ वेगळा देते. त्यामुळे राज्य बदलले की पुन्हा अर्ज, शुल्क आणि प्रतीक्षा. यावर तोडगा म्हणून २००० मध्ये ‘नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट’ हा राज्यांमधील करार अमलात आला. आज ४० हून अधिक राज्ये त्यात आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही मोठी राज्ये मात्र बाहेरच आहेत.

करार कसा चालतो?

नर्स कायमची जिथे राहते, ते तिचे ‘गृहराज्य’. ते करारात असेल, तर तिथला बहुराज्य परवाना इतर सदस्य राज्यांतही चालतो. २०१८ पासून नियम कडक झाले असून बोटांच्या ठशांसह गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची आहे. दुसऱ्या सदस्य राज्यात कायमचे स्थलांतर केल्यास ६० दिवसांत तिथे अर्ज करावा लागतो.

तक्रार आली तर?

कायदा लागू होतो तो रुग्ण जिथे आहे त्या राज्याचा. ते राज्य नर्सला आपल्या हद्दीत काम करण्यास मनाई करू शकते. मूळ परवाना रद्द करण्याचा अधिकार मात्र गृहराज्याकडेच राहतो.

फायदा कोणाला?

फोन किंवा व्हिडीओवरून शेजारच्या राज्यातील रुग्णाला सल्ला देणाऱ्या नर्सलाही तिथला परवाना लागतो. ही अडचण कराराने सुटते. वारंवार बदली होणाऱ्या लष्करी कुटुंबांतील नर्सनाही दिलासा मिळतो.

मग विरोध का?

‘नॅशनल नर्सेस युनायटेड’सारख्या संघटनांचा कराराला विरोध आहे. परराज्यातील नर्सवर आपल्या राज्याचे नियंत्रण सैल होईल, तसेच संपकाळात बाहेरून नर्स आणणे रुग्णालयांना सोपे जाईल, हे विरोधकांचे प्रमुख आक्षेप. शिवाय करारामुळे नर्सची संख्या वाढत नाही, आहेत त्याच इकडून तिकडे जातात. पगार आणि कामाचा ताण हे मूळ प्रश्न तसेच राहतात.

भारतात काय?

आपल्याकडेही नोंदणी राज्य परिषदेकडे होते. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायद्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. अमेरिकेला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी नर्सनी मात्र एक गोष्ट आधी तपासावी : जिथे स्थायिक व्हायचे, ते राज्य करारात आहे का? नसेल, तर मिळणारा परवाना त्या एका राज्यापुरताच असेल.