कुंडी बदलल्यावर हात आवरा

मिरचीचं रोप लहान कुंडीतून मोठ्या कुंडीत हलवलं की दोन दिवसांत मान टाकतं, आणि घरोघरी लगेच खताचा डबा उघडतो. कृपा करून तो बंद करा. कुंडी बदलताना मुळांवरचे केसासारखे बारीक तंतू तुटतात. पाणी शोषायचं खरं काम त्यांचंच. पानं मात्र पूर्वीइतकीच वाफ सोडत राहतात, म्हणून रोप मलूल दिसतं. त्यात भर म्हणून आपण मातीत कोंबडी खत, पेंड, गांडूळखत सढळ हातानं मिसळलेलं असतं. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं, आणि ओल्या मातीतही रोप तहानलेलं राहतं. पानं काळपट हिरवी होऊन खाली वळली, शेंडे करपले, तर खत जास्त झालंय असं समजा. अशा वेळी कुंडीच्या साधारण तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून तळातून वाहून जाऊ द्यावं, ताटलीत साचलेलं फेकून द्यावं. नुसतं मलूल असेल तर तेही नको. कडक उन्हातून हलवा, वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्या. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघून जीव टांगणीला लावू नका. नजर शेंड्यावर ठेवा. तिथली नवी पालवी नितळ आली की मुळं सावरली. खताचा विचार त्यानंतर, तोही निम्म्या मात्रेत.